मुलांना ‘बोला’ म्हणणारी मोहीम: सुरुवात कुठून करावी?

सिडकोची आई

सप्रेम नमस्कार. नाशिकच्या सिडको भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात मी यंदा काम करते आहे. शाळेतील दादागिरी, चिडवणे, एकटे पाडणे या प्रकारांबद्दल मुलांनी स्वतःहून बोलावे, यासाठी संघाने एक मोहीम घ्यायचे ठरवले असून तिचा कच्चा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. भित्तिपत्रके, रेडिओवर अर्ध्या मिनिटाची जाहिरात, पालकांच्या व्हॉट्सॲप गटांसाठी छोटी चित्रफीत आणि जमल्यास वसाहतीत एक पथनाट्य, एवढे सध्या कागदावर आहे. वर्गणीतून फार पैसे उभे राहणार नाहीत, त्यामुळे यांपैकी एक-दोनच गोष्टी होतील हे उघड आहे.

हे काम मी का अंगावर घेतले, ते सांगितल्याशिवाय माझा प्रश्न नीट कळणार नाही. माझा मुलगा पाचवीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्याची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी येऊ लागली. मी आधी रागावले, मग बाटली बदलली, मग पाण्याऐवजी कोकमचे सरबत भरून दिले. तेही तसेच परत आले. दीड महिन्याने कळले की तो दिवसभर पाणी पीतच नव्हता, कारण पाणी प्यायले की लघवीला जावे लागते आणि मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाच्या दाराशी सातवीतली तीन मुले उभी असत. ती मारत नसत. बाहेरून कडी घालत आणि आत कोण आहे ते, त्याला पाडलेले नाव ओरडून, सगळ्या व्हरांड्याला सांगत. हे मला त्याने सांगितले नाही. त्याच्या रिक्षातल्या एका मुलीने तिच्या आजीला सांगितले आणि आजीने भाजीच्या गाडीपाशी मला गाठून सांगितले. नंतर चौकशी केली तेव्हा अर्ध्या वर्गाला आणि रिक्षावाल्या काकांनाही सारे ठाऊक होते, असे निघाले.

आता प्रश्न. अमेरिकेत कार्टून नेटवर्क या मुलांच्या वाहिनीने २०१० साली ‘दादागिरी थांबवा, बोला’ अशा अर्थाची मोहीम सुरू केली होती. तिचे उदाहरण देऊन आमच्या एका सदस्यांनी सुचवले आहे की, माझ्या मुलानेच चेहरा धूसर करून दोन मिनिटे बोलावे, म्हणजे इतर मुलांना धीर येईल. मी अजून होकार दिलेला नाही. दुसरे असे की, घोषवाक्य म्हणून ‘आवाज उठवा’ एवढेच पुढे आले आहे आणि ते मला कुठेतरी खटकते, पण का खटकते ते सांगता येत नाही. आणि काही पालकांचे म्हणणे असे की, असली भित्तिपत्रके लावली तर बाहेरच्यांना वाटेल या शाळेत हेच चालते. ज्यांनी असे काही केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त मास्तर, नाशिकरोड

ताई, ‘आवाज उठवा’ हे मोर्चाचे वाक्य आहे, म्हणून ते खटकते. ज्या मुलाचा आवाज स्वच्छतागृहाच्या बंद दारामागे गेला आहे, त्याला ‘उठव’ म्हणणे म्हणजे पाय मुरगळलेल्याला धाव म्हणण्यासारखे आहे. ‘बुलिंग’ हा शब्दही भित्तिपत्रकावर नको. मी चौतीस वर्षे शिकवले. एकाही मुलाने येऊन ‘माझे बुलिंग होते’ असे सांगितले नाही. ती म्हणतात, ‘मला खेळायला घेत नाहीत’, ‘माझा डबा पळवतात’, ‘माझ्याशी कट्टी करायला लावतात’, ‘मला त्या नावाने हाक मारतात’. भित्तिपत्रकावर ही वाक्ये जशीच्या तशी छापा. आपल्याला होते आहे त्याला दुसऱ्यालाही शब्द सापडला आहे, एवढे कळले तरी मूल थांबून वाचते.

मुले बोलत का नाहीत, याचे उत्तर मात्र आम्हा शिक्षकांपाशी आहे आणि ते सुखाचे नाही. पहिली-दुसरीतली मुले दिवसातून दहा वेळा ‘बाई, हा बघा ना’ करत येतात. ‘चहाड्या सांगू नकोस, जागेवर बस’ हे मी स्वतः हजार वेळा तरी म्हटले असेन. साठ मुलांच्या वर्गात दुसरे काही सुचतही नाही. चौथी-पाचवीत ती यायची थांबतात आणि आम्ही म्हणतो, मुलांना समज आली. खरे तर त्यांना एवढीच समज आलेली असते की इथे सांगून उपयोग नाही.

तक्रारपेटीचे सांगतो, कारण मोहिमेत ‘पेटीत चिठ्ठी टाका’ हे कोणीतरी सुचवणारच. शाळांमध्ये तक्रारपेटी असावी असे शासनाचे आदेश आहेत आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना उघड झाल्यावर ते पुन्हा बजावले गेले. मी जिथे होतो तिथे पेटी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, शिपायाच्या स्टुलाच्या बरोबर वर टांगलेली होती. चिठ्ठी टाकायला कोण आले ते सगळा व्हरांडा पाहत असे. दोन वर्षांत तिच्यातून गोळ्यांचे कागद, एक पन्नास पैशांचे नाणे आणि ‘खेळाचे सर रजेवर जाऊ नयेत’ अशी एक चिठ्ठी निघाली. मग आमच्या एका तरुण बाईंनी नियम बदलला: दर शनिवारी शेवटच्या तासाला वर्गातल्या प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच. लिहिण्यासारखे नसेल तर चित्र काढा, कोरी घडी टाका, पण टाका. त्यामुळे लिहिणारा कोण आणि न लिहिणारा कोण, हे ओळखू येईनासे झाले. दुसऱ्या महिन्यात एका चिठ्ठीत नाव न घालता लिहिलेले होते, ‘माझ्या बाकावर कोणी बसत नाही.’ अक्षर बाईंनी ओळखले, पण त्या मुलीला बोलावून घेतले नाही. सोमवारी सगळ्या वर्गाच्या जागा बदलल्या आणि दर पंधरवड्याला बदलतील असे जाहीर केले. मोहीम याला म्हणावी की नाही ते तुम्ही ठरवा. खर्च शून्य आला.

समुपदेशक, गंगापूर रोड

मास्तरांनी अनुभवाने जे लिहिले आहे, त्याला परदेशातील कामाचा आधार आहे आणि तो आपल्या मसुद्याला उपयोगी पडेल म्हणून थोडे लांबण लावून लिहितो.

या विषयावर देशभर मोहीम प्रथम नॉर्वेने घेतली. १९८२च्या अखेरीस तिथे तीन शाळकरी मुलांनी जीव दिला, त्यामागे सोबत्यांचा छळ असावा असे दिसले आणि १९८३ मध्ये शिक्षण मंत्रालयाने सर्व शाळांना साहित्य पाठवले: शिक्षकांसाठी पुस्तिका, पालकांसाठी चार पानी पत्रक आणि २५ मिनिटांची चित्रफीत. म्हणजे आज तुम्ही जे करू पाहता, तेच. बर्गन परिसरातील ४२ शाळांमध्ये डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाने या साहित्याबरोबर शिक्षकांना मार्गदर्शन केले, मुलांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीचे निष्कर्ष त्या त्या शाळेपुढे ठेवले, वर्गात नियम ठरवून घेतले आणि सुट्टीतली देखरेख वाढवली. सुमारे २,५०० मुलांच्या पाहणीत दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. त्याच देशात रोगालान भागातील शाळांना साहित्य मिळाले, पण मागे पाठबळ फारसे नव्हते. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा छळ कमी झालेला नव्हता, उलट काहीसा वाढलेला दिसला. पुस्तिका एक, चित्रफीत एक, देश एक. फरक पडला तो ती पोहोचल्यानंतर शाळेने काय केले याने. त्यामुळे तुमच्या मोहिमेचा निम्मा वेळ आणि पैसा भित्तिपत्रक लागल्यानंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा मुद्दा, मोहीम कोणाशी बोलते हा. ‘बोला’ हे आपण सहसा त्रास सोसणाऱ्या मुलाला सांगतो, म्हणजे ज्याच्याकडे सर्वांत कमी बळ आहे त्याच्यावरच सर्वांत अवघड काम टाकतो. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिव्हाली यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, अशा प्रसंगात वर्गातले जवळजवळ प्रत्येक मूल कोणती ना कोणती भूमिका घेत असते: कोणी त्रास देणाऱ्याला हात देतो, कोणी हसून चेव आणतो, कोणी लांब सरकतो, कोणी बाजू घेतो. कॅनडात शाळेच्या मैदानावर मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावून केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात आढळले की, दहापैकी जवळपास नऊ प्रसंगी इतर मुले हजर होती, पण मध्ये पडली ती पाचांत जेमतेम एकदा. आणि पडली तेव्हा ५७ टक्के वेळा प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. तुमच्या घटनेत रिक्षातल्या त्या मुलीने जे केले, तेच मोहिमेने शिकवायचे आहे. तिने कोणाशी भांडण केले नाही, कडी उघडायला गेली नाही. तिला विश्वासाची वाटणारी एक आजी होती, तिला तिने सांगितले. भित्तिपत्रकावर मुलगा काढण्याऐवजी ती मुलगी आणि ती आजी काढता आली तर पाहा.

भित्तिपत्रके करायची कोणी, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ५६ शाळांमध्ये झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे नेमका लागू पडतो. त्यांतल्या निम्म्या शाळांत निवडलेल्या मुलांच्या छोट्या गटांनीच आपल्या शाळेसाठी भित्तिपत्रके आणि घोषणा तयार केल्या. कोणी चांगले वागताना दिसले तर त्याच्या मनगटाला नारिंगी पट्टी बांधली. वर्षभरात त्या शाळांमध्ये भांडण-मारामारीच्या नोंदी इतर शाळांच्या तुलनेत ३० टक्क्यांनी कमी झाल्या. गोम अशी की, ज्या मुलांकडे इतर मुलांचे लक्ष असते ती गटात जितकी जास्त, तितका परिणाम अधिक. ही मुले शिक्षकांच्या आवडीची असतातच असे नाही. ‘तू फावल्या वेळात कोणाबरोबर असतोस’ असे सगळ्यांना विचारून ती शोधावी लागली. आपल्याकडे अशा कामाला नेहमी वर्गमंत्री आणि वक्तृत्वातले बक्षीसवाले निवडले जातात, तेवढे टाळावे.

आणखी एक, थोडेसे अवांतर. युनेस्कोने २०२० पासून नोव्हेंबरचा पहिला गुरुवार शाळेतील हिंसा आणि छळ यांविरुद्धचा दिवस म्हणून ठरवला आहे. आपल्याकडे तो दिवाळीच्या आगेमागे येतो. २०२१ मध्ये तर तो ४ नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आला. तेव्हा त्या दिवसाचा मोह सोडून शाळा सुरू झाल्यावरचा जुलै महिना धरावा. नवी तुकडी, नवे बाक, नवी रिक्षा. नावे पाडली जातात ती याच दिवसांत.

ध्वनिमुद्रक

मी नाशिकमध्ये जाहिरातींचे ध्वनिमुद्रण करतो, त्यामुळे माध्यमापुरतेच लिहितो.

मुलाला बोलते करू नका, चेहरा धूसर करूनही नको. शाळेचा गणवेश, मागची भिंत, आवाज, ‘सातवीतली तीन मुले’ एवढा तपशील, यांतून सिडकोत कोणीही दहा मिनिटांत ओळखेल. धूसर चेहरा अनोळखी माणसापासून लपवतो. त्या मुलाला त्रास देणारे तर ओळखीचेच आहेत. कायदाही लक्षात घ्या. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार पीडित किंवा साक्षीदार असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील माध्यमातून उघड करण्यास मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचे प्रकरण त्या कायद्याच्या चौकटीत कितपत बसते हा वकिलाचा प्रश्न झाला, पण पथ्य तेच पाळावे. आज पाचवीत असलेला मुलगा दहावीत जाईल तेव्हाही ती चित्रफीत कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असेल, आणि तेव्हा त्याला कोणी विचारलेले नसेल.

रेडिओबद्दल बैठकांमध्ये नेहमी एक आक्षेप येतो की, मुले रेडिओ ऐकत नाहीत. घरी ऐकत नाहीत हे खरे आहे. पण सकाळी साडेसहा ते साडेसात आणि दुपारी साडेबारा ते दीड या वेळात शाळेच्या रिक्षा पाहा. अनेक काकांच्या डोक्यावर एक छोटा स्पीकर वाजत असतो. आठ-दहा मुले आणि एक मोठा माणूस एकाच वेळी ऐकत आहेत, असे दुसरे माध्यम मला तरी माहीत नाही. शिवाय तुमच्या घटनेत काकांना सगळे ठाऊक होते. अर्धे मिनिट मुलांना उद्देशून करण्याऐवजी काकांना उद्देशून करा: ‘काका, मागच्या सीटवर कोण गप्प झाले आहे?’ मुले ते ऐकतीलच, आणि काकांनी ऐकले आहे हेही पाहतील. शहरात रेडिओ विश्वास हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, तिथे अशा विषयाला विचारून पाहता येईल. व्यावसायिक वाहिनीचा दर वर्गणीत बसणार नाही.

एक क्लृप्ती सांगतो. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत, चोवीस तासांचा मदत क्रमांक आहे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून तो सुरू झाला आणि आता सरकारी यंत्रणेमार्फत चालतो. भित्तिपत्रकांवर तो कोपऱ्यात बारीक छापलेला असतो, कोणाला पाठ नसतो. मोठ्याने ‘एक हजार अठ्ठ्याण्णव’ म्हणू नका. ‘दहा, नऊ, आठ’ असे उलटे अंक मोजल्यासारखे म्हणा. रॉकेट सोडताना मोजतात तसे. एकदा ऐकून लहान पोरे दिवसभर ते म्हणत फिरतात.

नाव नको

मी बराच विचार करून लिहिते आहे. माझा मुलगा दारापाशी उभ्या असणाऱ्यांपैकी होता. तुमच्या शाळेतला नव्हे; दुसऱ्या शाळेतला आणि काही वर्षांपूर्वीचा.

त्याच्या शाळेत अशीच एक मोहीम झाली होती. भित्तिपत्रकावर काळ्या सावलीसारखा मोठा दांडगट मुलगा, मुठी वळलेल्या, आणि समोर भिंतीला टेकून बसलेले लहान मूल. माझ्या मुलाने ते चित्र रोज पाहिले. त्याला त्यात स्वतःला ओळखता आलेच नाही, कारण तो दांडगट नव्हता. तो बारीक, चष्मा लावणारा, घरी आजीचे पाय चेपून देणारा मुलगा होता. त्याच्या लेखी ते सगळे ‘मस्करी’ होते. त्याच्याबद्दल शाळेतून बोलावणे आले, तेव्हा मीही आधी हेच म्हटले की, मुले आहेत, मस्करी चालायचीच. त्या दुसऱ्या मुलाची आई समोरच्या खुर्चीवर बसली होती. ती काही बोलली नाही. तिने फक्त त्याची वही उघडून माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे नाव लिहायचे असते तिथे, माझ्या मुलाच्या अक्षरात ते पाडलेले नाव लिहिलेले होते. सबंध वही.

तेव्हा एक विनंती आहे. भित्तिपत्रकावर राक्षस काढू नका. कडी घालणारा हात काढा, वही काढा, हसणारी चार तोंडे काढा. आपण करतो ते हेच, असे ज्याला कळायला हवे त्याला कळेल असे काहीतरी काढा. आणि त्रास देणाऱ्या मुलाच्या घरच्यांनी काय करायचे, याचीही एक ओळ कुठेतरी असू द्या. मला तेव्हा कोणीच काही सांगितले नाही, फक्त ‘समज द्या’ म्हणाले. समज म्हणजे त्याच्या वडिलांनी पट्टा काढला. त्याने काही सुधारले नाही.

सिडकोची आई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ‘नाव नको’ ताई, तुमचे उत्तर मी तीनदा वाचले. त्या तीन मुलांच्या घरी मी अजून गेलेले नाही. जावे की नाही यावर घरात दोन मते आहेत.

मसुद्यात हे बदल करते आहे. चित्रफीत रद्द. मुलाला मी काल विचारले की, तुझ्याबद्दल न सांगता भित्तिपत्रकावर काय लिहावे. तो म्हणाला, ‘मधल्या सुट्टीत तिथे कोण सर उभे राहतात, त्यांचे नाव लिहा.’ म्हणजे घोषवाक्यापेक्षा त्याला वेळापत्रक हवे आहे. त्यामुळे पहिले भित्तिपत्रक स्वच्छतागृहाच्या व्हरांड्यात देखरेखीच्या पाळ्यांचेच लागेल, आणि शाळेने तेवढे मान्य केल्याशिवाय दुसरे काही लावायचे नाही, असे मी बैठकीत मांडणार आहे. बदनामीची भीती वाटणाऱ्या पालकांनाही यात हरकत घेण्यासारखे काही दिसणार नाही. रिक्षाकाकांची बैठक शाळेच्या मैदानावर एका रविवारी घेऊ, रेडिओचे त्यानंतर. शनिवारच्या चिठ्ठ्या पाचवी ते सातवीच्या सहा तुकड्यांत सुरू करू. एक शंका उरते: चिठ्ठीतून शाळेच्या आवाक्याबाहेरचे काही निघाले तर?

समुपदेशक, गंगापूर रोड

निघेल, असे धरूनच चाला. लैंगिक त्रासाचा साधा उल्लेख असला तरी तो शाळेत मिटवायचा विषय नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. चिठ्ठ्या वाचणाऱ्या शिक्षकांना हे पहिल्या शनिवारच्या आधी सांगा, आणि चिठ्ठ्या त्याच दिवशी वाचल्या जातील असे पाहा. शनिवारी टाकलेली चिठ्ठी पुढच्या गुरुवारी उघडली गेली, तर सोमवारपासून तोवर ते मूल रोज शाळेत येत असते.

निवृत्त मास्तर, नाशिकरोड

दोन माणसांनी मिळून वाचावे, एकट्याने नको. आणि पेटीची किल्ली कोणाकडे राहणार, ते बैठकीतच लिहून घ्या. आमच्याकडे ती सुरुवातीला लिपिकाच्या ड्रॉवरमध्ये होती, आणि त्याचा पुतण्या सातवीत होता.